चित्राखालचा प्रश्न

बाबासाहेबांवरील व्यंगचित्राचा वाद २०१२ साली संसदेत गाजला, तेव्हा चित्राविषयी पुष्कळ बोलले गेले. चित्राखाली छापलेल्या प्रश्नाविषयी फारच थोडे. मी शिक्षक असल्याने मला तो प्रश्नच अधिक महत्त्वाचा वाटतो. उत्तर शेवटी विद्यार्थ्यालाच लिहायचे असते.

चित्र शंकर यांचे, २८ ऑगस्ट १९४९ चे. ‘राज्यघटना’ असे लिहिलेल्या गोगलगायीवर बाबासाहेब चाबूक घेऊन बसले आहेत, मागे नेहरू चाबूक उगारून उभे आहेत आणि भोवती बघ्यांची गर्दी. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २००६ साली ते अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात घेतले. घटना व्हायला जवळजवळ तीन वर्षे लागली, चित्रकार यावर भाष्य करतो आहे काय, आणि घटना समितीला एवढा वेळ का लागला असावा, असे खाली विचारले होते.

मे २०१२ मध्ये हा विषय लोकसभेत आला आणि सरकारने चित्र मागे घेतले. सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी मुख्य सल्लागारपद सोडले. पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कचेरीची मोडतोड झाली. ती मला तेव्हाही मान्य नव्हती, आजही नाही. थोरात समितीने पुढे इतरही चित्रे वगळण्याची शिफारस केली, पण तिच्यातीलच एम. एस. एस. पांडियन यांनी भिन्नमत नोंदवले.

हे पुस्तक आमच्या राज्य मंडळाचे नव्हे. तरीही कडेगावात काही मुलांपुढे मी ते चित्र ठेवले आणि उत्तर काढा म्हटले. पहिल्या प्रश्नाला सगळ्यांनी ‘होय’ लिहिले. दुसऱ्यापाशी मात्र पेने थांबली. मग आम्ही २५ नोव्हेंबर १९४९ चे बाबासाहेबांचे भाषण काढले. उत्तर तिथे त्यांनीच देऊन ठेवले आहे! समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ची. मसुदा समिती नेमली गेली २९ ऑगस्ट १९४७ ला. ती १४१ दिवस बसली. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या, त्यांतील २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. अमेरिकेची घटना चार महिन्यांत झाली खरी, पण तिची कलमे सात, आपली ३९५. ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे लागली. शिवाय ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सभागृहात सांगितले होते की, सात सदस्यांपैकी कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी परदेशी, कोणी दिल्लीपासून दूर. भार एकट्या आंबेडकरांवर पडला. म्हणजे गोगलगायीवर एकच स्वार दाखविण्यात चित्रकाराने नकळत एक सत्यही रेखाटले, असे म्हणावे लागेल.

तरी उत्तर पुरे होत नव्हते. एका मुलीने विचारले, “सर, दुसरा चाबूक कुणावर?” पुस्तकाने हा प्रश्न विचारला नव्हता. वेळेचा हिशेब मागितला, पण चाबकाचा, गर्दीच्या हशाचा मागितला नाही. ज्यांच्या पाठीला चाबूक परंपरेने ठाऊक आहे त्यांना तो आधी दिसतो. इतरांना गोगलगाय आधी दिसते. चित्र एकच, पण वाचणाऱ्यांचा इतिहास एक नाही. उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९५६ मधली बाबासाहेबांवरील इंग्रजी वृत्तपत्रांतील व्यंगचित्रे शोधून २०१९ साली ग्रंथरूपाने छापली, ती पाहिली म्हणजे हा हशा एका चित्रापुरता नव्हता हे ध्यानात येते.

म्हणूनच चित्र काढून टाकण्यापेक्षा खालचे प्रश्न वाढवायला हवे होते, असे माझे मत आहे. चाबूक कोणाच्या हाती, तो कोणावर, आणि हसणारे कोण? या मुलीने हे तीन प्रश्न वहीत स्वतःच लिहून घेतले आणि शेवटच्यापुढे कंसात एक शब्द टाकला : ‘सगळेच?’