बृहदांत्राचे दाहक विकार व अर्बुदे : विकृतिविज्ञान

बृहदांत्र म्हणजे मोठे आतडे. अंधनालापासून मलाशयाच्या शेवटापर्यंत त्याची लांबी साधारण दीड मीटर भरते. दीर्घकालीन दाहक आंत्ररोग आणि अर्बुदे (गाठी) हे त्याच्या विकारांचे दोन महत्त्वाचे गट आहेत. शौचावाटे रक्त जाणे, जुलाब, पोटदुखी, वजन घटणे ही लक्षणे दोन्हींत आढळतात. निदान पक्के होते ते ऊतकाच्या तपासणीने. दोन्ही गटांत तपासणीचा मुख्य प्रश्न एकच असतो : विकृती आतड्याच्या भित्तीत किती खोल गेली आहे? दाहात या उत्तरावरून रोगाचा प्रकार कळतो, तर कर्करोगात रोगाचा टप्पा.

निरोगी भित्ती : भित्तीला आतून बाहेर श्लेष्मस्तर, अधःश्लेष्मस्तर, स्नायुस्तर आणि बाह्य आवरण असे चार थर असतात. श्लेष्मस्तरात सरळ नळ्यांसारख्या ग्रंथी एकमेकींना समांतर उभ्या असतात. त्यांच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकत जातात आणि चार-पाच दिवसांत गळून पडतात. पेशीविभाजनाचा हा वेग झीज भरून काढतो. मात्र जनुकीय चुका साचण्याची संधीही त्यातूनच निर्माण होते.

व्रणयुक्त बृहदांत्रशोथ : लंडनचे वैद्य सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये या विकाराला नाव दिले. दाह मलाशयापासून सुरू होतो आणि मध्ये निरोगी पट्टा न सोडता वर सरकतो. तो बहुधा श्लेष्मस्तर व त्याखालच्या उथळ भागापुरताच राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथी वाकड्यातिकड्या, फाटे फुटलेल्या आणि आखूड दिसतात. श्लेष्मा स्रवणाऱ्या चषकपेशी कमी होतात. ग्रंथींच्या पोकळीत पांढऱ्या पेशी साचून सूक्ष्म गळवे होतात. तळाशी प्लाझ्मापेशींची दाटी होते. जंतुसंसर्गाने आलेल्या तात्पुरत्या दाहात ग्रंथींची मांडणी सहसा बिघडत नाही. त्यामुळे ही विस्कटलेली मांडणी दीर्घकालीन रोगाची मोठी खूण ठरते. व्रणांमधले उरलेले श्लेष्मस्तराचे उंचवटे गाठींसारखे दिसतात, पण त्या खऱ्या गाठी नसतात. तीव्र अवस्थेत आतडे फुगून फुटण्याचा धोका असतो.

क्रोन रोग : न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग व गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. तोंडापासून गुदापर्यंत तो कुठेही होऊ शकतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग ही त्याची आवडती जागा. रोगट भागांच्या मध्ये निरोगी भाग सुटलेले असतात आणि दाह भित्तीच्या सर्व थरांतून आरपार जातो. लांबट व्रण व आडव्या भेगा एकमेकांना छेदल्याने आतला पृष्ठभाग ओबडधोबड दगडांच्या फरसबंदीसारखा दिसतो. भित्ती जाड होऊन मार्ग अरुंद होतो. भेगा खोल गेल्या तर मूत्राशय, त्वचा किंवा शेजारच्या आतड्याशी जोडणारे भगंदर तयार होतात. काही रुग्णांत कणार्बुदे, म्हणजे दाहक पेशींचे पुंजके, सापडतात; ती नसली तरी रोग नाकारता येत नाही. २००१ मध्ये एनओडी२ या जनुकातील बदलांशी या रोगाचा संबंध दाखवला गेला.

भारतातील निदानाचा पेच : आपल्याकडे आतड्याचा क्षयही लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच घर करतो आणि त्यातही कणार्बुदे असतात. क्षयाची कणार्बुदे मोठी, एकमेकांत मिसळलेली आणि मध्यभागी किलाटी, म्हणजे पनीरसारखी, मृत झालेली असतात. त्याचे व्रण बहुधा आडवे, आतड्याला वेढा घालणारे असतात. क्रोन रोगात कणार्बुदे लहान, विरळ असतात आणि त्यांचा मध्य मृत झालेला नसतो. हा फरक केवळ पुस्तकी नाही. क्षयाला क्रोन समजून स्टेरॉइड दिले तर क्षय पसरतो. क्रोनला क्षय समजून क्षयाची औषधे चालू ठेवली तर मोलाचा काळ वाया जातो. अमीबाजन्य व्रणही असाच चकवा देतात. तोंडाशी अरुंद व तळाशी रुंद व्रण आणि तांबड्या रक्तपेशी गिळलेले अमीबा नाहीत याची खात्री करूनच स्टेरॉइडचा निर्णय घ्यावा. म्हणूनच बायॉप्सी एकाच जागेची नको. वेगवेगळ्या भागांतून, निरोगी दिसणाऱ्या जागेतूनही घ्यावी आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या बाटलीत, जागेच्या नोंदीसह पाठवावा.

दाहातून कर्करोग : मोठ्या आतड्याचा बराच भाग व्यापलेला दाह वर्षानुवर्षे टिकला की कर्करोगाचा धोका वाढतो. त्यामुळे रोग सुरू होऊन सुमारे ८ वर्षे झाल्यावर नियमित कोलनोस्कोपी सुचवतात. पित्तनलिकांचा काठिण्यकारी दाह सोबत असल्यास तो कळताच. येथे कर्करोगपूर्व बदल, म्हणजे डिस्प्लेझिया, पुष्कळदा सपाट श्लेष्मस्तरात लपलेला असतो. रॉबर्ट रिडेल व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये त्याची नकारात्मक, अनिश्चित, सौम्य व तीव्र अशी प्रतवारी केली. ती आजही वापरात आहे.

अर्बुदे : अतिवृद्धीचे छोटे पॉलिप व मुलांमधील ‘ज्युवेनाइल’ पॉलिप बहुधा निरुपद्रवी असतात. अ‍ॅडेनोमा मात्र कर्करोगपूर्व गाठ आहे. तिचे नलिकाकार, केसाळ व मिश्र असे प्रकार असून आकार, केसाळपणा व डिस्प्लेझियाची तीव्रता वाढेल तसा धोका वाढतो. एरिक फिअरन व बर्ट फोगेलस्टाइन यांनी १९९० मध्ये अ‍ॅडेनोमापासून कर्करोगापर्यंतचा जनुकीय मार्ग मांडला : एपीसी जनुक बिघडणे, केआरएएस सक्रिय होणे, टीपी५३ निकामी होणे. दाहजन्य कर्करोगात हा क्रम बदलतो. टीपी५३ मधील बिघाड लवकर आणि एपीसीमधील उशिरा होतो. ज्यांच्या ग्रंथींची कड दातेरी दिसते, अशा पॉलिपांचा कर्करोगाकडे जाण्याचा मार्ग वेगळाच आहे.

काही धोके वारशाने येतात. कौटुंबिक अ‍ॅडेनोमाबाहुल्यात शेकडो ते हजारो गाठी होतात आणि शस्त्रक्रिया न केल्यास कर्करोग जवळजवळ अटळ असतो. लिंच लक्षणसमूहात डीएनए दुरुस्त करणारी जनुके बिघडलेली असतात. १८९५ मध्ये अमेरिकेतील ॲन आर्बर येथे शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीने विकृतिवैज्ञानिक आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितले की, घरातल्या इतरांसारखी आपणही कर्करोगानेच मरणार. पुढे तसेच झाले. वॉर्थिन यांनी त्या कुटुंबाचा अभ्यास १९१३ मध्ये प्रसिद्ध केला; त्या कुटुंबातला विकार म्हणजे हाच लक्षणसमूह.

मोठ्या आतड्याचे बहुतेक कर्करोग ग्रंथिकर्करोग असतात. उजवीकडचे बरेचदा मोठे होईपर्यंत फक्त रक्तक्षय करतात. डावीकडचे आतड्याला वेढून अडथळा आणतात. श्लेष्मल व मुद्रिकापेशी हे त्यांचे उपप्रकार आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या रुग्णमालिकांत पाश्चात्त्य देशांपेक्षा तरुण रुग्ण व मुद्रिकापेशी प्रकार अधिक आढळले आहेत. चेतासंप्रेरकी अर्बुदे व लसीकार्बुदे त्यामानाने विरळ असतात.

टप्पा ठरवणे : लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये मलाशयाच्या कर्करोगाचे ए, बी, सी असे टप्पे पाडले. आज टीएनएम पद्धत वापरतात. अर्बुद अधःश्लेष्मस्तरात शिरले तर टी१, स्नायुस्तरात टी२, त्यापलीकडच्या चरबीत टी३, आणि बाह्य आवरण भेदून गेले किंवा शेजारच्या अवयवात शिरले तर टी४. काढलेले आतडे फॉर्मालिनमध्ये मुरवतात, कडांना शाई लावतात आणि चरबी बोटांनी चाचपत लसीका ग्रंथी शोधतात. किमान १२ ग्रंथी तपासाव्यात असा दंडक आहे. कमी तपासल्यास रोगाचा खरा टप्पा निसटू शकतो. डीएनए दुरुस्तीच्या प्रथिनांची तपासणीही आवश्यक आहे. तिच्यावरून इम्युनोथेरपी लागू पडण्याची शक्यता कळते आणि लिंच लक्षणसमूहाचा संशय आल्यास नातेवाइकांनाही वेळीच सावध करता येते.

प्रतिबंध : अ‍ॅडेनोमाचा कर्करोग होण्यास बहुधा सुमारे दहा वर्षे लागतात आणि त्या काळात कोलनोस्कोपीने गाठ काढली तर कर्करोग टळतो. म्हणून शौचावाटे रक्त गेल्यास ‘मूळव्याधच असेल’ असे गृहीत धरून घरगुती उपायांत महिने घालवू नयेत. चाळिशीपुढे हे लक्षण, शौचाच्या सवयीतील टिकून राहिलेला बदल किंवा कारण न सापडलेला रक्तक्षय दिसला, तर आतड्याची तपासणी करून घ्यावीच. तरुण वयातही ही लक्षणे टिकून राहिल्यास ती टाळू नये.