गवताच्या भाऱ्यापासून दूरच्या बोलीपर्यंत

'लिलाव' हा आपल्या तोंडी रुळलेला शब्द मूळचा पोर्तुगीजांचा. वसईपासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावर ते राहिले, १७३९ साली गेले, शब्द मात्र राहिला. चारचौघांत बोली बोलावी, चढेल त्याला माल द्यावा, एवढाच त्याचा अर्थ. पण आपल्याकडे भाव चारचौघांत ठरतोच असे नाही. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा होई. शेजारी उभा असलेल्यालाही आकडा कळू नये, हीच त्यातली हुशारी!

वारली बांधवांना तर एवढीही मुभा नव्हती. डहाणू, तलासरी, उंबरगावकडच्या रानातले गवत मुंबईच्या तबेल्यांसाठी कापले जाई. कापणीचा दर सावकार सांगे, माप त्याचे, वहीही त्याचीच. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी येथे गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वारली जमले आणि वेठ नाकारली गेली. त्याच वर्षी गवतकापणीच्या दरावरून लढा पेटला. १० ऑक्टोबरला तलवाडे येथे गोळीबार होऊन माणसे मेली. गवताचा दर कुणी ठरवायचा, एवढ्यावरून हे झाले.

आता पन्नास वर्षे पुढे येऊ. १९९५ साली अमेरिकेत पियेर ओमिड्यार या तरुणाने संगणकाच्या जाळ्यावर लिलाव मांडला. पहिल्या विक्रीतली वस्तू काय, तर मोडका लेझर दिवा. आणि तो घेणाराही निघाला! हेच पुढचे 'ईबे'. मुंबईत २००० साली 'बाझी' निघाले, ते २००४ मध्ये ईबेने घेतले. इथे बोली सगळ्यांना दिसे आणि मुदत संपताच लिलाव बंद होई. पण खरी युक्ती निराळीच होती. कधी न भेटलेल्या माणसाचा भरवसा धरायचा कसा? तर व्यवहार झाल्यावर दोघांनी एकमेकांबद्दल चार शब्द लिहायचे, आणि ते पुढच्या गिऱ्हाइकाने वाचायचे. गावात पत असते ना, तशीच ही पत. मात्र लोकांना बोलीची वाट पाहण्यापेक्षा ठरीव किंमत सोयीची वाटू लागली. भारतातले ईबे २०१८ मध्ये बंद झाले आणि लिलावाची जागा नेटवरच्या दुकानांनी घेतली.

आपल्या भागाला त्याचा उपयोग झाला तो चित्रांमुळे. लग्नाचा चौक सुवासिनी भिंतीवर लिहीत. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी तो कागदावर आणून जगभर नेला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज फोनवर फोटो धाडून चित्रकार स्वतः किंमत सांगू शकतो. पण फोटो पाहून नक्कल छापणेही तितकेच सोपे झाले. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी छापील चादरी बाजारात आहेतच. शिवाय ज्याला इंग्रजीत वर्णन लिहिता येते, बँकेचे खाते चालवता येते, तो नवा मध्यस्थ होऊन बसतो. शाळेतल्या गुरुजींना हे निराळे सांगायला नको.

चिकूचे गणित वेगळे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये मानांकन मिळाले, त्याच वर्षी १४ एप्रिलला सरकारने 'ई-नाम' हा बाजार समित्यांचा जोडबाजार सुरू केला. पण पिकलेला चिकू दोन-चार दिवसांत मऊ पडतो, तो बोलीची वाट पाहत बसत नाही. दूरच्या बाजारी धाडलेल्या पेट्यांचा भाव बहुधा अडत्याची पट्टी आल्यावरच कळतो. ती आता टपालाऐवजी फोनवर येते, इतकेच.