तांत, नायलॉन आणि गळाची गाठ

गळाच्या दोऱ्यास मारावयाची गाठ ही केवळ हस्तकौशल्याची बाब मानली जाते. वस्तुतः गाठीचा टिकाऊपणा तिच्या आकृतीइतकाच ती ज्या तंतूत बांधली जाते त्यावर अवलंबून असतो. इंग्लंडातील सॅमन-मासेमारीच्या इतिहासात याचा चांगला पुरावा मिळतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तेथे गळालगतचा दोरा रेशीमकिड्याच्या तांतेचा असे. कोश विणण्याच्या बेतात आलेला किडा व्हिनेगरमध्ये बुडवून त्याच्या रेशीमग्रंथी बाहेर काढीत व त्या ताणून तांत तयार करीत. (‘ग्रंथी’ म्हणजे गाठही, पण हा निव्वळ योगायोग.) स्पेनमधील मुर्सिया हे या धंद्याचे मोठे केंद्र होते. एक तांत जेमतेम हातभर भरे. पुरेशा लांबीसाठी अनेक तुकडे सांधावे लागत, आणि त्यांतील एक सांधा निसटला तरी हाती लागलेला मासा जाई.

या सांध्यासाठी ‘ब्लड नॉट’ नावाची गाठ रूढ झाली. तीत प्रत्येक टोकाचे दुसऱ्या दोऱ्यास वेढे देऊन दोन्ही टोके मधल्या फटीतून परस्परविरुद्ध दिशांनी ओवतात. ए. एच. चेटर यांच्या १९१० च्या पुस्तकामुळे ती सर्वांस ज्ञात झाली. जहाजावरील एका अभियंत्याने चेटर यांस सांगेपर्यंत ती गुप्त होती, असे स्टॅन्ली बार्न्स म्हणतात. गुपितांच्या अशा हकिकती जपूनच स्वीकाराव्यात.

१९३८ मध्ये ड्यू पाँट कंपनीने नायलॉन जाहीर केले आणि पुढे तांत मागे पडली. नायलॉनचा दोरा अखंड व गुळगुळीत. गळ बांधण्याची अर्धी ‘ब्लड नॉट’ त्यात निसटू लागे; म्हणून वेढे सामान्यतः पाच देण्याचा व टोक पुन्हा एकदा फासातून ओवण्याचा प्रघात पडला.

एक प्रथा मात्र तशीच दिसते : गाठ आवळण्यापूर्वी दोरा ओला करणे. पण कारण पार बदलले आहे. कोरडी तांत ठिसूळ असल्याने वळविताच तडके, म्हणून ती आधी भिजवून मऊ करावी लागे. नायलॉन मुळातच लवचिक आहे. आवळताना घर्षणाने उष्णता निर्माण होऊन त्यास इजा होते. ती टाळण्यासाठी ओलावा हवा. ‘तेल’ या शब्दातून तीळ निघून गेला आणि शब्द राहिला, तसाच हा प्रकार. केवळ क्रिया नोंदविणाऱ्या संशोधकास येथे अखंड परंपरा दिसेल. बार्न्स यांनी मात्र आपल्या पुस्तकाच्या नावातच तांत व नायलॉन दोहोंचा निर्देश केला आहे. त्याची दुसरी आवृत्ती १९५१ मध्ये निघाली.