हुसेनखानाचे दहा आणे

पावसाळा सरूं लागला म्हणजे गोदाकांठच्या गांवांत ठिकठिकाणीं डबकीं सांचतात, आणि मागोमाग हुडहुडी भरविणारा ताप येतो, हें पाथरीच्या वडीलधाऱ्या मंडळींस सांगावयास नको. कोणी त्यास हिंवताप म्हणे, कोणी एकांतरा. दोष कोणी हवेस देई, कोणी पाण्यास, तर कोणी बाहेरच्या बाधेस. कडू कोयनेलीनें ताप उतरे. पण तो अंगांत शिरतो कोणत्या वाटेनें, हें मात्र कोणासच ठाऊक नव्हतें.

पाथरी त्या काळीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होती. या कोड्याचें उत्तर त्याच संस्थानांत, सिकंदराबादच्या छावणींत, सांपडलें. तेथें रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर रोग्यांच्या रक्ताची व डासांची तपासणी करीत असे. डास पाण्यांत मरतात व तें पाणी प्याल्यानें ताप येतो, अशी प्रथम समजूत होती. ती पडताळण्यासाठीं रॉसनें १८९५ सालीं रोग्यांचें रक्त प्यालेले डास पाण्यांत मरूं दिले, आणि तें पाणी मोबदला देऊन निरोगी माणसांस पाजलें. त्यांपैकीं लछमन नांवाच्या एकास कांहीं दिवसांनीं ताप आला. परंतु त्यावरून निश्चित असें कांहींच ठरलें नाहीं.

पुढें १६ ऑगस्ट १८९७ रोजीं हुसेनखान नांवाच्या रोग्यास दहा डास चाववून घेण्यांत आले. हे डास अळ्यांपासून वाढविलेले होते. डासामागें एक आणा, असे हुसेनखानास दहा आणे मिळाले. २० ऑगस्ट रोजीं त्यांतील एका डासाच्या जठराच्या भिंतींत रॉसला हिंवतापाच्या जंतूंची वाढ दिसली. पुढील वर्षीं कलकत्त्यास पक्ष्यांवर प्रयोग करून त्यानें जंतूचा डासांतील सारा प्रवास उलगडला, आणि १९०२ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें.

रॉसची कीर्ति यथार्थ आहे. परंतु लछमन व हुसेनखान यांची गोष्ट एकाच तराजूंत घालतां येत नाहीं. हुसेनखान आधींच आजारी होता; स्वच्छ डासांच्या दंशानें त्याच्या दुखण्यांत मोठीशी भर पडण्यासारखी नव्हती. लछमन मात्र धडधाकट होता, आणि रोग त्याच्या अंगीं उतरावा हाच प्रयोगाचा हेतु होता. गरिबास पैसे दिले म्हणजे त्याची संमति मिळाली, असें म्हणतां येईल काय? ज्याच्या घरीं चूल पेटण्याची भ्रांत, त्याच्या ‘हो’ म्हणण्यांत त्याची इच्छा किती व गरज किती, हें कोणी मोजावें?

त्याच १८९७ सालीं मुंबईंत प्लेगचा कहर चालला होता. वाल्डेमार हाफकिन यानें आपली लस १० जानेवारी रोजीं प्रथम स्वतःच टोंचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगांतील राजी झालेल्या कैद्यांस ती देण्यांत आली. स्वतःवर प्रथम प्रयोग करणें हें धैर्य खरेंच. तथापि गजाआडच्या माणसाची राजीखुषी कितपत मोकळी, हा प्रश्न तेथेंहि उरतोच.

पुण्यास तर संमतीचा प्रश्नच कोणी विचारला नाहीं. गोरे शिपाई घरोघर शिरून रोगी शोधीत व त्यांस इस्पितळांत नेत. परिणाम असा झाला कीं लोक रोगी लपवूं लागले. २२ जूनच्या रात्रीं प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर गोळी झाडली गेली, आणि ३ जुलै रोजीं तो मरण पावला. जेथें विश्वास नाहीं तेथें वैद्यकाची दृष्टीहि पांगळी होते. कारण जो रोगी लपविला गेला त्यास औषध कोण देणार?

हा धडा जगानें फार मोलानें घेतला. महायुद्धांत नाझी डॉक्टरांनीं कैद्यांवर केलेल्या अमानुष प्रयोगांनंतर, १९४७ सालच्या न्यूरेंबर्ग संहितेनें माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीस पहिलें स्थान दिलें. आपल्याकडील २०१९ च्या नियमांनुसार, नव्या औषधाच्या चाचणींत भाग घेणारास वाचतां येत नसेल, तर सर्व माहिती त्यास सांगतांना निःपक्षपाती साक्षीदार हजर असावा लागतो.

पण नियम कागदावर असतो, आणि संमति माणसाच्या मनांत. पाथरीसारख्या तालुक्याच्या गांवीं शस्त्रक्रियेपूर्वीं शेतकऱ्याचा अंगठा शाईंत बुडवून कागदावर उठविला जातो. त्या अंगठ्याआधीं दोन मिनिटें त्याच्याजवळ बसून, त्याच्या बोलींत, “काय करणार आहोंत, धोका कोणता, आणि नको म्हणालांत तरी उपचार थांबणार नाहींत,” एवढें सांगितलें, तर तो अंगठा संमतीचा होय. नाहींतर ती नुसती शाई. हुसेनखानास त्याचे दहा आणे चुकते झाले. त्यास काय सांगितलें गेलें, हा प्रश्न मात्र आपण प्रत्येक नव्या रोग्यापाशीं पुन्हा विचारावयाचा आहे.