धागा : कथलाची नळी आणि उघड्यावरची तैलचित्रे

१/ दृक्प्रत्ययवादाविषयी, म्हणजे इंप्रेशनिझमविषयी, एक विधान हमखास वाचायला मिळते : १८४१ साली रंगाची ट्यूब निघाली, चित्रकार स्टुडिओबाहेर पडले आणि आधुनिक चित्रकला जन्माला आली. विधान सुटसुटीत आहे, परीक्षेत लिहायलाही सोयीचे आहे. पण त्याचा मधला दुवा पुराव्यावर टिकत नाही. मित्रहो, आजचा धागा त्या दुव्याविषयी.

२/ आधी खरा भाग. जॉन गॉफ रँड हा अमेरिकन व्यक्तिचित्रकार लंडनमध्ये राहत असताना त्याने कथलाच्या चेपता येणाऱ्या नळीचे पेटंट घेतले, ते १८४१ मध्ये. तोवर तेलात खललेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या तुकड्यात पुरचुंडीसारखा बांधून विकला जाई. चित्रकार तिला टोचून भोक पाडी, हवा तेवढा रंग पिळून घेई आणि लहानशा चुकेने ते भोक बुजवी. ते नीट बुजत नसे. रंग घट्ट होई, कधी पुरचुंडीच फुटे. प्रवासात शेजारी ठेवलेल्या सदऱ्याचे काय होत असेल, याची कल्पना केलेली बरी!

रेन्वारने उतारवयात आपल्या मुलाला सांगितले होते म्हणे, की या नळ्या नसत्या तर सेझान, मोने, सिस्ले, पिसारो यांच्यापैकी कोणीच झाले नसते. मुलाने, म्हणजे चित्रपट-दिग्दर्शक जाँ रेन्वारने, ते लिहून ठेवले. एवढा मोठा साक्षीदार मिळाल्यावर उलटतपासणी कोण करणार?

३/ उलटतपासणी करायला लावणारे एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. थॉमस जोन्स या वेल्श चित्रकाराचे ‘नेपल्समधील भिंत’. आकार जेमतेम ११ बाय १६ सेंटीमीटर, पोस्टकार्डाएवढा. डागाळलेली, पोपडे उडालेली एक भिंत, छोट्या सज्जात वाळत घातलेले कपडे, वर निळ्या आकाशाची चिंचोळी पट्टी. देव नाहीत, वीर नाहीत, नेपल्समध्ये राहूनही व्हेसुव्हियस नाही. माध्यम : कागदावर तैलरंग. साल : १७८२. रँडच्या पेटंटला अजून ५९ वर्षे अवकाश होता.

४/ जोन्स हा एखादा विक्षिप्त अपवाद नव्हता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रोम-नेपल्सच्या परिसरात हिंडणाऱ्या तरुण चित्रकारांत ही रीत चांगली रुळली होती. त्यांतला सर्वांत पद्धतशीर माणूस म्हणजे प्येर-आंरी द व्हालांसिएन. रोममधल्या एकाच इमारतीचे छप्पर त्याने एकदा उन्हात आणि एकदा सावलीत रंगवले. पुढे १८०० साली त्याने यथादर्शनावर ग्रंथ लिहिला आणि त्यात विद्यार्थ्यांना बजावले की, उघड्यावरच्या अभ्यासचित्राला दोन तासांहून अधिक वेळ देऊ नये. सूर्योदय किंवा सूर्यास्त असेल तर अर्धाच तास. कारण तोवर प्रकाश सरकलेला असतो, सावल्या बदललेल्या असतात, आणि चित्रात एकाच वेळी दोन प्रहर येऊन बसतात. हे वाचून आपल्याला मोने आठवतो. मोनेचा जन्म १८४०चा.

मग पुरचुंड्यांची अडचण? ती होतीच, पण मोठ्या चित्रासाठी. तळहाताएवढ्या कागदाला रंग लागतो कितीसा? कागद हलका, वाळल्यावर बासनात शेकड्यांनी मावणारा. मांडीवर रंगपेटी आणि पेटीच्या झाकणाला टाचलेला कागद एवढ्यावर काम भागे.

५/ शिवाय यासाठी इटलीलाच जावे लागे असेही नाही. झाकणाला कागद टाचून काम करणाऱ्यांत जॉन कॉन्स्टेबल होता, आणि त्याने उभ्या आयुष्यात इंग्लंड सोडले नाही. १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडच्या टेकडीवर त्याने तैलरंगात ढगांचा अभ्यास केला. कित्येक चित्रांत जमीनच नाही, नुसते आकाश. त्यांच्या पाठीवर दिनांक, प्रहर आणि वाऱ्याची दिशा नोंदवलेली आढळते. चित्रकाराने मागे ठेवलेले असे दप्तर इतिहासाच्या विद्यार्थ्याला क्वचितच लाभते. मला तर काही वेळा चित्राच्या पुढच्या बाजूपेक्षा पाठीचाच मोह अधिक होतो.

६/ तर मग हे सारे विस्मरणात का गेले? कारण या कागदांना त्यांचे कर्तेच ‘चित्र’ मानत नव्हते. ती स्टुडिओतल्या मोठ्या चित्रासाठी जमवलेली सामग्री होती. ती विकली जात नसे, प्रदर्शनात मांडली जात नसे. चित्रकाराच्या मृत्यूनंतर बासने वारसांकडे जात. व्हालांसिएनचा मोठा संग्रह देणगीरूपाने लूव्हरमध्ये आला १९३० साली. जोन्सची नेपल्सची चित्रे वंशजांकडून बाजारात आली १९५४ साली. दृक्प्रत्ययवाद्यांची कीर्ती पसरत होती तेव्हा हा पुरावा कपाटांत पडून होता. जे टांगले गेले त्यावरून इतिहास लिहिला गेला.

७/ ट्यूबने काहीच केले नाही, असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा उतावीळपणा ठरेल. १८६६ मध्ये मोनेने ‘बागेतील स्त्रिया’ हे अडीच मीटरहून उंच चित्र बागेतच रंगवायला घेतले. वरच्या भागापर्यंत हात पोहोचावा म्हणून जमिनीत चर खणून कॅनव्हास कप्पीने खाली उतरवण्याची सोय केली. एवढ्या रंगाचे काम पुरचुंड्यांवर करायचे तर चित्रकार रडकुंडीला आला असता. (चित्राचा शेवटचा हात मात्र स्टुडिओतच फिरला, आणि १८६७च्या सलाँने ते नाकारले.) त्याच काळात आगगाडीही होती, पॅरिसहून फाँतेनब्लोच्या अरण्यापर्यंत ती १८४९ सालीच पोहोचली होती. माझ्या मते ट्यूबने चित्रकाराला दाराबाहेर काढले नाही. बाहेर आधीच बसलेल्या माणसाला मोठा कॅनव्हास आणि मुबलक रंग परवडू लागला. बाहेर काढलेले चित्र हेच अंतिम चित्र, हा दावा मात्र माणसांनी केला, नळीने नव्हे.

८/ या दोन मतांमधले अंतर एकाच माणसाच्या कामात पाहायचे असेल तर कॉरो पाहा. १८२६ मध्ये इटलीत नार्नीच्या भग्न रोमन पुलासमोर बसून त्याने कागदावर तैलरंगात एक अभ्यासचित्र केले : मातकट उतार, गढूळ पाणी, ऊन. मग त्यावरून १८२७च्या सलाँसाठी मोठे चित्र रचले. त्यात समोर नेटका हिरवा काठ आला, पाइनची झाडे आली, मेंढपाळ आले. ते आता कॅनडात ओटावाला आहे. छोटे लूव्हरमध्ये आहे. कॉरोने प्रदर्शनात मांडले ते मोठे. आज पुस्तकांत बहुधा छोटेच छापलेले आढळते.