बिनरंगाच्या टोपीचा शिंपी

१२. लेखकाने नाव न घेता उल्लेखिलेला हा शिंपी म्हणजे न्यू जर्सीतला, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा जॉन वुलमन (१७२०–१७७२). तरुणपणी दुकानात कामाला असताना मालकाने त्याला एका गुलाम स्त्रीचे विक्रीखत लिहायला सांगितले. त्याने ते लिहिले, पण मन खात राहिले. पुढे गुलामांना वारसांच्या नावे करणारी मृत्युपत्रे लिहायला त्याने साफ नकार दिला. गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांकडेही तो मुक्कामाला जाई आणि निघताना तिथल्या गुलामांना त्यांच्या सेवेचे पैसे देई. यजमानांना हे कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त झोंबले असणार. तरी पंथाचा निर्णय व्हायला फार वेळ लागला, कारण क्वेकरांच्या सभेत मतदान नसते. मौन, मग बोलणे, आणि सर्वांचे मन एका दिशेला वळेपर्यंत थांबणे. शिवाय सभेतले अनेक प्रतिष्ठित स्वतःच गुलामांचे मालक. जर्मनटाउनच्या चौघांनी गुलामगिरीचा लेखी निषेध केला १६८८ साली; फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगण्यास बंदी केली ती १७७६ मध्ये. मधली ८८ वर्षे विसरून क्वेकरांचा गौरव करू नये. वुलमन या बंदीआधीच इंग्लंडमध्ये यॉर्क येथे देवीच्या रोगाने वारला होता. — संपा.