तेरखेडा
तेरखेडा : महाराष्ट्राच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील वाशी तालुक्यातले एक मोठे गाव. सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावर (क्र. 52, जुना क्र. 211) येडशी, येरमाळा मागे टाकून बीडकडे जाताना ते लागते. तेरणा नदीचा उगम आणि फटाक्यांचे उत्पादन यांसाठी गाव ओळखले जाते.

भूवर्णन : गाव बालाघाटाच्या पठारावर आहे. सपाट माथ्याच्या आणि अंगावरचा मुरूम उघडा पडलेल्या बुटक्या टेकड्या, मधल्या सखल भागात काळी जमीन, असे येथले भूरूप. खडक दख्खनच्या पठाराचाच, बेसाल्टचा. जलविज्ञानाच्या दृष्टीने या पट्ट्याचे महत्त्व गावाच्या आकारापेक्षा बरेच मोठे आहे. बालाघाट हा गोदावरी व कृष्णा या खोऱ्यांमधला जलविभाजक. पूर्वेकडे उतरणारे पाणी तेरणा–मांजरा मार्गे गोदावरीला मिळते आणि पश्चिम उतारावरचे सीना–भीमा मार्गे कृष्णेला. दोन्ही पाणी शेवटी बंगालच्या उपसागरातच जाते, पण पाणीवाटपाचे लवाद खोऱ्यानुसार नेमले गेल्याने ही सीमारेषा कागदावर फार महत्त्वाची ठरते.

तेरणा तेरखेड्याजवळ उगम पावते. येथे तिचे रूप ओढ्याचे आहे. पावसाळा सरला की पात्रात वाळू आणि बाभळीच उरतात. खाली तेर येथे तिच्यावर धरण आहे. प्राचीन तगर ते हेच. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात या बाजारपेठेचा उल्लेख येतो. त्याहून खाली लोहारा तालुक्यात माकणी येथे निम्न तेरणा प्रकल्प असून 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेला किल्लारी–सास्तूर परिसर याच खोऱ्यात येतो. माकणीच्या जलाशयाचा त्या भूकंपाशी संबंध होता की नाही, याबद्दल भूवैज्ञानिकांत मतभेद आहेत. कर्नाटकाच्या सीमेकडे तेरणा मांजरेला मिळते.

हवामान : पर्जन्यछायेचे, कोरडे. पाऊस जून ते सप्टेंबर. मध्ये अनेकदा मोठी उघडीप पडते.

इतिहास : वाशी हा नंतर निर्माण झालेला तालुका असल्याने जुन्या महसुली कागदांत तेरखेड्याचा माग अन्य तालुक्यांच्या नावाखाली काढावा लागतो. प्रदेश निजामाच्या राज्यात होता. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर धाराशिवचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला. या मुलखाचा कारभार फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याने नळदुर्गातून पाहिला. तो कादंबरीकारही असल्याने त्याच्या आत्मचरित्रातून या काळाचे वर्णन बरेच तपशीलवार मिळते. 1860 मध्ये मुलूख निजामाकडे परत गेला. पुढे जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिवला आले आणि निजाम मीर उस्मान अली खानाच्या नावावरून ते उस्मानाबाद झाले. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर हा भाग भारतीय संघराज्यात आला. 1956 मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात समाविष्ट झाला. 1982 मध्ये लातूर जिल्हा वेगळा निघाला, तरी हा पश्चिमेकडचा भाग उस्मानाबादेतच राहिला. 2023 मध्ये जिल्ह्याचे धाराशिव हे नाव अधिकृत झाले.

शेती : ज्वारी, तूर, हरभरा आणि अलीकडे सोयाबीन. परिसरात दुभत्या जनावरांवर चालणाऱ्या खव्याच्या भट्ट्या आहेत. उस्मानाबादी शेळी याच जिल्ह्याच्या नावाची.

फटाका उद्योग : जत्रा, उरूस, लग्नाची वरात यांसाठी लागणारी शोभेची दारू हा मराठवाड्यात हातावर चालणारा जुना धंदा; तेरखेड्यात त्याला कारखान्यांचे रूप आले. वृत्तपत्रे गावाला ‘मराठवाड्याची शिवकाशी’ म्हणतात. तुलना पुरती जुळत नाही : शिवकाशीत आगपेटी आणि छपाई हे जोडधंदे आहेत, येथे भर फटाक्यांवरच. कोरडी हवा मात्र दोन्हीकडे सारखी उपयोगी.

येथल्या सुतळी बॉम्बची कृती अशी : सोरा, गंधक आणि ॲल्युमिनियमची पूड यांचे मिश्रण छोट्या कागदी खोक्यात भरतात, वरून सुतळी आवळून गुंडाळतात, खळीत बुडवून उन्हात वाळवतात, मग भोक पाडून वात बसवतात. गुंडाळणी जितकी घट्ट, तितका आवाज मोठा. म्हणून कारागिराची किंमत दारूपेक्षा हाताच्या ओढीवर ठरते. मिश्रण कालवणे आणि भरणे ही सर्वांत जोखमीची कामे. घर्षणाने ठिणगी पडू शकते आणि ओल लागलेली ॲल्युमिनियमची पूड आपोआप तापते, त्यामुळे पावसाळी हवेत काम अधिक धोक्याचे. एका शेडमधला स्फोट दुसरीत जाऊ नये म्हणून शेड लहान आणि अंतर राखून बांधाव्या लागतात.

स्फोटक नियम 2008 नुसार एका वेळी 15 किलोपर्यंत दारूकामाचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. त्यापुढचा परवाना केंद्राच्या स्फोटक सुरक्षा यंत्रणेकडून घ्यावा लागतो. परिसरात स्फोट होऊन मजूर दगावल्याच्या घटना वेळोवेळी घडल्या आहेत. शेजारच्या बार्शी तालुक्यात पांगरीजवळ 1 जानेवारी 2023 रोजी झालेल्या स्फोटात महिला कामगारांचा बळी गेला. चार मीटरवर 125 डेसिबल ही फटाक्यांच्या आवाजाची मर्यादा 1999 पासून आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेरियमचे क्षार व फटाक्यांच्या लडींवर बंदी घातली.

समाजजीवन : पंचक्रोशीचे दैवत येरमाळ्याची येडेश्वरी, तिची यात्रा चैत्री पौर्णिमेला भरते.

दळणवळण : महामार्ग हाच मुख्य आधार. कुर्डुवाडी–लातूर लोहमार्ग गावाला शिवत नाही. त्यावरचे येडशी स्थानक महामार्गाने जोडलेले आहे.